आत काय लिहिलंय

"यात व्हायरस आहे हो," हुल्याळकर म्हणाला. त्याने माझा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरमधून उपसून काढला आणि दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला.

हुल्याळकर म्हणजे मिरजेच्या त्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. त्याची खोली आयसीयूच्या दारासमोर होती. बाहेरच्या बाकावर शैलजावहिनी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"व्हायरस नाही तो," मी म्हणालो. "मी आत्ता खाली कॅन्टीनमध्ये बसून बनवलाय हा प्रोग्राम. तुमच्या अँटीव्हायरसच्या ओळखीचा नाही, म्हणून संशय घेतोय तो."

"तसं सगळेच म्हणतात की, सर."

"आत माझा भाऊ आहे. त्याला याच्याशिवाय बोलता येत नाही."

"मला कळतंय. पण लाल पट्टी आली की मी पुढं जात नाही. उद्या सगळं हॉस्पिटल बसलं तर मला कोण विचारणार?"

बाकावरून वहिनींनी विचारलं, "भावजी, कसला व्हायरस?"

"काही नाही वहिनी. होईल ते नीट."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आयसीयूच्या काचेकडे बघत राहिल्या.

आत होता माझा थोरला भाऊ, प्रल्हाद माळवदे. तासगावात सगळे त्याला माळवदे सर म्हणायचे. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. पन्नाशी गाठण्याआधीच त्याला तो आजार जडला. आधी हातातून खडू पडायला लागला, मग जिने चढवेनात, मग जीभ जड झाली. शरीरातला एकेक स्नायू ऐकेनासा होतो, पण डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख राहतं असा तो आजार. उपाय नाही. निदान झालं त्या दिवशी दादा डॉक्टरांना म्हणाला होता, "म्हणजे वर्गात बसायचं, पण हात वर करायचा नाही." डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यालाच आलं.

बोटं चालत होती तोवर त्याने स्वतःसाठी एक प्रोग्राम लिहून ठेवला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, आणि वर नेहमी लागणाऱ्या शब्दांची एक ओळ. त्यांवरून एक पिवळा ठिपका आपोआप फिरत राहायचा. हव्या त्या ओळीवर आला की बटण दाबायचं, मग त्या ओळीतल्या हव्या त्या अक्षरावर पुन्हा दाबायचं. माउसचं बटण उपसून त्याने ते उजव्या अंगठ्याखाली चिकटवून घेतलं होतं. सगळं शरीर गेलं, पण तो अंगठा थोडासा हलायचा. चहा निवेपर्यंत एखादं वाक्य व्हायचं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचंच काम करतो, पण दादाच्या त्या प्रोग्रामला माझा हात फारसा लागला नाही. तो साध्या मजकुरासारखा लिहिलेला होता. नोटपॅडमध्ये उघडला की आतलं सगळं वाचता यायचं. शब्दांची तर वेगळीच फाइल होती, नुसती यादी. दादाने वहिनींना ती उघडायला शिकवलं होतं. नोटपॅड चालू करायचं, फाइल ओढून त्यात टाकायची, खाली नवा शब्द लिहायचा, जतन करायची. बारावीनंतर वहिनींनी कशाचं शिक्षण घेतलं नव्हतं, पण या कामात त्यांना गोडी लागली. कूस बदल. पाठ खाजव. पंखा कमी. बातम्या बंद. त्या यादीत वहिनी रोज काहीतरी घालायच्या आणि दादा ते वापरून दाखवायचा. एकदा त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, "आज मी 'आमटी छान' घातलंय यादीत. बघू वापरतात का." त्या हसल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात दोघंच होते आणि मध्ये तो पिवळा ठिपका.

त्या हिवाळ्यात दादाच्या छातीत कफ साठला. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना ऑक्सिजनचा सिलिंडर निसटून लॅपटॉपवर पडला. स्क्रीन फुटली, यंत्र चालूच होईना. मी पुण्याहून पोचलो तेव्हा दादाच्या तोंडावर घट्ट मास्क बांधलेला होता, हवा आत ढकलणारा. डोळे उघडे होते. मला पाहिल्यावर त्याचा अंगठा चादरीवर हलला.

डॉक्टर नदाफ शांत स्वभावाचे होते. त्यांनी मला आणि वहिनींना केबिनमध्ये बसवून आडपडदा न ठेवता सांगितलं, "मास्क आता पुरा पडत नाहीये. श्वासाचे स्नायू थकलेत. घशाला भोक पाडून नळी घालता येईल, मग मशीन श्वास देईल. पण ती नळी परत निघणार नाही. जितके दिवस जगतील तितके दिवस मशीनवर. किंवा नळी घालायची नाही. मग आम्ही त्यांना त्रास होऊ न देता ठेवू, पण फार वेळ नाही."

"घाला नळी," वहिनी लगेच म्हणाल्या.

"त्यांचं मत मला हवंय. ते शुद्धीत आहेत."

"ह्यांचं मत मला माहीत आहे की. मी इतकी वर्षं करतेय त्यांचं."

मी तेव्हा बोलायला नको होतं. पण आठवडाभर न झोपल्यासारखा वहिनींचा चेहरा दिसत होता, आत दादा मासळीसारखा श्वास घेत होता, आणि माझ्या तोंडून गेलं, "वहिनी, अजून किती सोसायचं त्याने? आता पुरे नाही का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. "तुम्ही दिवाळीला येता, भावजी," एवढंच त्या म्हणाल्या.

दादाचं हो-नाही डोळ्यांवर चालायचं. डोळे मिटले की हो, नजर वर नेली की नाही. डॉक्टरांनी सकाळी त्याला सगळं समजावून विचारलं होतं. त्याने डोळे मिटले नाहीत की नजर वर नेली नाही. नुसता अंगठा हलवत राहिला. डॉक्टरांना वाटलं, झटका येतोय. मला कळलं. नुसतं उत्तर देऊन त्याचं भागणार नव्हतं. त्याला स्वतःचं काही बोलायचं होतं.

दादाच्या प्रोग्रामची एक जुनी प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. कधीतरी त्यानेच पाठवलेली. पण आयसीयूत बाहेरचं कुठलंही यंत्र नेऊ देत नव्हते, जंतुसंसर्ग होतो म्हणून. हेड सिस्टर म्हणाल्या, आमचाच एक कॉम्प्युटर चाकांच्या टेबलावर आहे, तो घ्या. त्यावर दादाचा प्रोग्राम चालेना, कारण त्याला लागणारं पायथन नावाचं सॉफ्टवेअर त्यात नव्हतं, आणि नवं काही बसवायला हुल्याळकर तयार नव्हता. मग एकच मार्ग उरला. तो सगळा प्रोग्राम, त्याला लागणारं सगळं सामान घालून, एका बंद फाइलमध्ये बांधायचा. दोनदा क्लिक केलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल अशी एक्झी फाइल. काही बसवायला नको, काही मागायला नको.

कॅन्टीनमधल्या डुगडुगत्या टेबलावर मी ते काम केलं. पहिल्यांदा बांधल्यावर प्रोग्रामला शब्दांची यादीच सापडेना. तो नुसता उघडायचा आणि बंद व्हायचा. शेवटी मी यादी प्रोग्रामच्या आतच लिहून टाकली आणि पुन्हा बांधला. माझ्या लॅपटॉपवर ठिपका फिरायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि वर आल्यावर हुल्याळकरच्या पडद्यावर लाल पट्टी.

शेवटी डॉक्टर नदाफच हुल्याळकरच्या खोलीत आले. "काय अडचण आहे?"

"सर, अँटीव्हायरस उडवतंय ते."

"व्हायरस बनवणारे लोकही असंच बांधतात," मी डॉक्टरांना म्हणालो. "बंद गाठोडं दिसलं की अँटीव्हायरसला सगळं सारखंच वाटतं. आत काय आहे ते त्याला वाचता येत नाही."

डॉक्टर हुल्याळकरकडे वळले. "तो एक कॉम्प्युटर हॉस्पिटलच्या जाळ्यातून तोडता येईल ना? नुसती वायर काढून?"

"येईल की."

"मग काढा. आणि चालू द्या यांना. जबाबदारी माझी."

आयसीयूत एका वेळी एकालाच जाऊ देत. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या, म्हणून मी गेलो. टेबल दादाच्या डोळ्यांसमोर आणलं, त्याचं ते उपसलेलं बटण स्पिरिटने पुसून त्याच्या अंगठ्याखाली चिकटपट्टीने बसवलं. ठिपका फिरू लागला तशी दादाची नजर त्याच्यामागे गेली. मास्कच्या काचेत वाफ धरत होती, विरत होती.

पहिले शब्द आले, "घाम पूस."

मी कपाळ पुसलं.

मग तो बराच वेळ थांबला. ठिपका ओळींवरून रिकामाच फिरत राहिला. मला वाटलं, थकला. तेवढ्यात अंगठा दबला. "नळी नको."

पुन्हा ठिपका. "खूप झालं. घरी ने." आणि नंतर, एकेक अक्षर वेचून, "शैलाला तू सांग. मला सांगता येणार नाही."

"दादा," मी म्हणालो. त्याचे डोळे माझ्यावर होते. त्यात भीती नव्हती. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि डॉक्टरांना बोलवायला सिस्टरना सांगितलं.

डॉक्टरांच्या मागोमाग वहिनी आल्या. या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी पडदा वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द. मग परत पहिल्यापासून.

"हे कुणी लिहिलं?"

"दादाने, वहिनी. आत्ता."

"तुमच्यासमोर?"

"हो."

"आणखी कोण होतं?"

सिस्टर पलीकडच्या पेशंटपाशी होत्या.

वहिनी पडद्याजवळ गेल्या. "ही ह्यांची मशीन नाही," त्या म्हणाल्या. "माझे शब्द कुठायत? कूस बदल कुठाय? वरच्या ओळीत पहिलं 'हवं' होतं, मी घातलं होतं ते. इथं पहिलं 'नको' आहे."

"वहिनी, ही जुनी प्रत आहे. तुम्ही घातलेले शब्द त्या फुटलेल्या लॅपटॉपमध्ये राहिले."

"मग शब्दांची फाइल कुठाय? मी आत्ता घालते."

"ती आतच बांधलीय. वेगळी नाहीये आता."

"का?"

ते सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या जागी ते बोलणं पोकळ वाटायला लागलं. दादा आमच्याकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आपण त्यांना पुन्हा लिहायला सांगू. तुमच्यासमोर."

दादाने पुन्हा सुरू केलं. ठिपका फिरला, थांबला. 'न' उमटला. पुन्हा फिरला. वहिनी पडदा सोडून त्याच्या अंगठ्याकडे बघत होत्या. चिकटपट्टीखाली तो अंगठा इतका थोडा हलायचा की माहीत असलेल्यालाही दिसू नये. त्या दिवशी तर तो थकलेला होता.

"हललाच नाही!" वहिनी ओरडल्या. पलीकडच्या सिस्टरने वळून पाहिलं. "अंगठा हललाच नाही, डॉक्टर. ठिपका आपोआप फिरतोय आणि अक्षर आपोआप येतंय. मी बघतेय ना!"

"वहिनी, ठिपका आपोआपच फिरतो. घरीही तसाच फिरायचा."

"घरी मला आतलं वाचता यायचं."

आणि त्यांनी स्वतः माउस हातात घेतला. नोटपॅड उघडलं. ती बंद फाइल ओढून त्यात टाकली, दादाने शिकवलं होतं अगदी तसंच. कॉम्प्युटर अडकला. मग सगळा पडदा भरून आला. चौकोन, कसल्यातरी खुणा, उलटीसुलटी चिन्हं, ओळीमागून ओळ, संपेचना. वहिनी खाली खाली नेत होत्या, कुठेतरी एखादा ओळखीचा शब्द सापडेल म्हणून. मला ते बघवेना.

"आत काय लिहिलंय, भावजी?"

"तेच लिहिलंय, वहिनी. दादाने लिहिलं होतं तेच. बांधल्यावर असं दिसतं."

"तुम्ही सकाळीच म्हणालात, पुरे आता. दुपारी तुम्ही खाली बसून हे बनवलंत. तो माणूस म्हणाला, यात व्हायरस आहे. आणि आता मशीन म्हणतेय, पुरे." त्यांचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "तुम्ही पुण्यात हेच करता ना? लोकांना हवं ते मशीनकडून करून देता?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणी असं गाठोडं आणलं असतं तर मीही हेच विचारलं असतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतही मला एक प्रश्न दिसला. पूर्ण संशय नव्हता, पण प्रश्न होता.

वहिनींनी चाकांचं टेबल एका हाताने बाजूला ढकललं. ते भिंतीला जाऊन आपटलं. दादाच्या अंगठ्याची वायर ताणून निघाली. त्या पलंगावर वाकल्या, मास्कच्या दोन्ही बाजूंना त्याचा चेहरा तळव्यांत धरला.

"अहो, माझ्याकडे बघा. मला मशीन नको. तुम्ही सांगा. नळी घालून घ्यायचीय ना? घरी यायचंय ना माझ्याकडे?"

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. खूप वेळ. यंत्र हवा ढकलत होतं तेवढाच आवाज. वहिनींच्या नाकावरून एक थेंब मास्कच्या काचेवर पडला आणि ओघळला. मला दादाचे डोळे दिसत होते. ते वर जातील म्हणून मी बघत होतो.

त्याने डोळे मिटले.

"बघा," वहिनी म्हणाल्या. मला नव्हे, डॉक्टरांना.

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी स्पष्ट, मोठ्याने विचारलं, "सर, मी तुमच्या श्वासनलिकेत नळी घालावी, अशी तुमची इच्छा आहे?"

पुन्हा डोळे मिटले. घट्ट. उघडले तेव्हा ते माझ्याकडे नव्हते.

त्याच संध्याकाळी नळी घातली.

ही गोष्ट नात्यात पसरायला वेळ लागला नाही. वहिनींनी ती कुणाला मुद्दाम सांगितली असं मी म्हणणार नाही. पण विचारलं तर लपवलीही नाही. माझी थोरली बहीण फोनवर म्हणाली, "दिगू, तू खरंच असं काही केलंस?" मी म्हणालो, "तुला काय वाटतं?" ती गप्प बसली. त्या गप्प बसण्यानंतर मी कुणालाच काही सांगायच्या भानगडीत पडलो नाही. एका लग्नात मामांनी माझ्या पानाशेजारचं पान सोडून पलीकडे जागा घेतली. माझ्या बायकोला शेजारणीकडून कळलं की आम्हाला म्हणे तासगावच्या घरात वाटा हवा होता. तेव्हा ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "मला माहीत आहे तुम्ही केलं नाही. पण तुम्ही जाऊन सांगत का नाही?" काय सांगणार होतो? माझ्याकडे एक बंद फाइल होती आणि दादाने स्वतः, सगळ्यांसमोर, डोळे मिटले होते. रात्री कधी कधी मलाच वाटायचं, मी कॅन्टीनमध्ये बांधताना खरंच काही चुकलं असेल का. मी ती फाइल पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. बटण दाबल्याशिवाय तिने एकही अक्षर लिहिलं नाही.

दादा घरी आला. फुटलेल्या लॅपटॉपमधली डिस्क शाबूत निघाली, ती नव्या लॅपटॉपमध्ये घातली, आणि वहिनींची मशीन वहिनींना परत मिळाली, त्यांच्या सगळ्या शब्दांसकट. मी सणावारी जायचो. वहिनी दार उघडायच्या, पाणी द्यायच्या, चहा द्यायच्या. माझ्याशी तोडून बोलल्या नाहीत कधी. पण मला दादापाशी एकट्याला सोडून त्या खोलीबाहेर गेल्या नाहीत.

नळीवरचं ते जगणं मी पाहिलं. दर थोड्या वेळाने घशातला कफ नळी घालून ओढायचा. तो ओढताना दादाचा चेहरा काळानिळा पडायचा आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं. पाठीवर जखमा झाल्या, त्या भरत नव्हत्या. वीज गेली की वहिनी इन्व्हर्टरकडे धावायच्या आणि मशीनचा भाता परत चालू होईपर्यंत दादा डोळे विस्फारून छताकडे बघायचा. वहिनींनी त्याचं जेवढं केलं तेवढं कुणी करणार नाही. त्यांचे केस त्या काळात पांढरे झाले. नळी, जखमा, कफ, औषधं, सगळं त्यांच्या हातांनी. नर्स ठेवा म्हटलं की म्हणायच्या, "ह्यांना माझीच सवय आहे."

एका संक्रांतीला मी गेलो असताना गॅसचा सिलिंडर आला. तो माणूस बिल घेऊन दारात खोळंबला आणि वहिनींना बाहेर जावं लागलं. दादाचा अंगठा लगेच हलू लागला. एवढा घाईने तो कधी लिहीत नसे.

"रागावलास?"

"नाही रे," मी म्हणालो. मग दाराकडे बघून, हळू आवाजात विचारलं, "दादा, त्या दिवशी तूच लिहिलं होतंस ना? माझ्या बांधण्यात काही चुकलं नव्हतं?"

ठिपका फिरला. "मीच."

"मग डोळे का मिटलेस?"

बाहेर वहिनी त्या माणसाला सुट्टे देत होत्या. ठिपका ओळींवरून जात होता, आणि मला वाटत होतं की हा कधीच एवढा सावकाश फिरला नसेल. अक्षरं येत गेली.

"ती विचारत नव्हती. मागत होती."

मी ते वाचलं. "मी वहिनींना सांगू?"

त्याने नजर वर नेली, अगदी भुवयांपर्यंत. नाही. आणि तो वर लिहिलेलं पुसायला लागला, एकेक अक्षर, मागून पुढे. वहिनी आत आल्या तेव्हा पडद्यावर नवं वाक्य होतं. "दिगूला चहा दे." "दिलाय की," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यातला रिकामा कप बघून पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

उन्हाळ्यात अंगठाही गेला. लॅपटॉप मग बंद करून कपाटात ठेवला. उरले डोळे. त्यानंतर दादाला स्वतःहून काही म्हणता आलं नाही. कुणी विचारेल त्याला हो किंवा नाही, एवढंच. वहिनी रोज सकाळी त्याचं तोंड पुसून विचारायच्या, "बरं वाटतंय ना आज?" मी असलो की मला ते ऐकवत नसे, पण ऐकावं लागायचं. आणि तो दर वेळी डोळे मिटायचा. हो. बरं वाटतंय. पुढचा सगळा पावसाळा, हिवाळा, आणि आणखी निम्मा उन्हाळा त्याने तसा काढला. वैशाखात एका सकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं आणि डोळे मिटलेलेच होते.

वहिनी गेल्या वर्षी गेल्या, म्हणून आता हे सांगता येतंय.

दादाच्या तेराव्याला पुरुषांच्या पंगती उठल्यावर मी मागच्या अंगणात हात धुवायला गेलो होतो. वहिनी तिथे दगडावर बसल्या होत्या. एकट्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे समोरासमोर आलो नव्हतो. त्यांनी मला बसायची खूण केली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मला एक विचारायचंय. आज खरं सांगा. आता ते नाहीत, कुणाला काही फरक पडणार नाही. ती फाइल तुम्ही तशी बनवली होती ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हात मांडीवर उघडे पडलेले होते. त्या हातांना आता दिवसभर काही काम नव्हतं. नखांभोवती औषधांचे पिवळे डाग अजून होते.

"तुम्ही वाईट नव्हता, हेही मला माहीत आहे," त्या पुढे म्हणाल्या. "तुम्हाला त्यांचे हाल बघवत नव्हते. पण त्यांना जगायचं होतं हो. त्यांनी मला डोळ्यांनी सांगितलं. तुमचं ऐकलं असतं तर हे दिवस मला मिळाले नसते. मी रोज स्वतःला हेच सांगते. नाहीतर..." त्या थांबल्या. 'नाहीतर'च्या पुढे काय आहे ते त्यांनाही दिसलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम घाबराघुबरा झाला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. उत्तराची वाट बघत.

त्या विचारत नव्हत्या, हे मला तेव्हा समजलं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "मीच तशी बनवली होती."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले. मग त्या पदराने डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मला वाटायचं, मरेपर्यंत कबूल करणार नाही तुम्ही." जाता जाता त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. मी मनात ठेवलेलं नाही. चला, बायकांचं जेवण व्हायचंय अजून. वाढायला या."

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यांच्यामागून आत गेलो.